मागच्या चाकाची मोठी डिस्क : ताकद वाढते की दम?

आम्ही कापडवाले. मोटारीच्या पानावर आमचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल. पण आपल्या समाजातील किती तरी मुले आज मुंबई-पुण्यात आणि आखातात गॅरेजवर काम करतात, कित्येकांचा सुट्या भागांचा धंदा आहे. आमचा भाचाही त्यांतलाच. शारजाच्या औद्योगिक भागात तो गेली काही वर्षे मिस्त्री आहे. कापडाच्या कामासाठी दुबईला जाणे झाले की एक-दोन संध्याकाळी त्याच्या गॅरेजवर स्टूल टाकून बसायचा आमचा रिवाज. तिथे जे पाहिले, विचारून घेतले आणि नंतर खातरजमा करून समजून घेतले, ते आपल्या कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

विषय एका विशिष्ट कामाचा आहे. चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणाऱ्या वेगवान गाडीच्या मागच्या ब्रेक-डिस्क बदलून मोठ्या बसवणे, हे ते काम. गिऱ्हाईक हौशी असतो, पैसा द्यायला तयार असतो आणि कामही दिसायला सोपे. चाक काढा, कॅलिपर सोडवा, जुनी डिस्क काढा, नवी बसवा. पण याच कामात चूक झाली तर ती गॅरेजमध्ये दिसत नाही. ती दिसते पावसाळी वळणावर, नाही तर चढावर उभ्या केलेल्या गाडीत.

गाडी कोणती?

उदाहरणासाठी आम्ही जपानच्या सुबारू कंपनीची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स ही गाडी घेत आहोत. या कंपनीने १९७२ साली लिओन नावाच्या गाडीत चारही चाके चालवण्याची सोय दिली. १९९२ साली इम्प्रेझा आली आणि १९९५, १९९६ व १९९७ अशी लागोपाठ तीन वर्षे सुबारूने जागतिक रॅली स्पर्धेत कंपन्यांचे अजिंक्यपद मिळवले. त्यामुळे ही गाडी जगभरच्या हौशी तरुणांच्या गळ्यातला ताईत झाली. भारतात ती अधिकृतपणे विकायला आली नाही, पण आखातात आपल्या मुलांच्या हाताखाली ती नेहमी येते. २००० साली आलेल्या दुसऱ्या पिढीची डब्ल्यूआरएक्स आणि तिचीच अधिक जोरदार बहीण एसटीआय, या दोघींचे सुटे भाग एकमेकींना बसवण्याची हौस फार. आमचे उदाहरण त्याचेच आहे.

साध्या डब्ल्यूआरएक्सची पुढची डिस्क २९४ मिलीमीटर व्यासाची. सुरुवातीच्या गाड्यांत मागची डिस्क २६ सेंटीमीटरच्या थोडी वर, आणि तीही भरीव, म्हणजे मध्ये हवा खेळायला जागा नसलेली. ब्रेम्बो कंपनीचे ब्रेक असलेल्या एसटीआयची पुढची डिस्क मात्र ३२६ मिलीमीटर आणि मागची ३१६ मिलीमीटर व्यासाची, दोन्ही हवेशीर. आकडे पाहिले की कोणालाही वाटावे, मागची लहान डिस्क काढून मोठी टाकली की गाडी जागच्या जागी थांबेल. इथेच पहिली गफलत होते.

डिस्क म्हणजे उष्णतेचे गोदाम

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे काय करतो? तो वेगाची उष्णता करतो. पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटतात, घर्षण होते, आणि गाडीच्या वेगात साठलेली सगळी शक्ती उष्णता होऊन बिडाच्या डिस्कमध्ये जमा होते. नंतर ती हळूहळू हवेत निघून जाते.

ही उष्णता किती? ड्रायव्हरसकट १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात साध्या थंडाव्याचे दोन लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. हे सगळे तीन-चार सेकंदांत. वेग दुप्पट केला, म्हणजे ताशी २०० केला, तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे आठ लिटर पाणी. वेगवान गाडीला मोठा ब्रेक का लागतो, याचे उत्तर या एका हिशेबात आहे.

आम्ही आमच्या भाषेत याला गोदाम म्हणतो. माल येतो झपाट्याने, जातो सावकाश. गोदाम लहान असेल तर माल दाराबाहेर साठतो. डिस्क हे गोदाम आणि हवा हे त्याचे मागचे दार. डिस्कचे लोखंड जास्त असेल तर तेवढ्याच उष्णतेने ती कमी तापते. मध्ये पोकळ पाती असलेली हवेशीर डिस्क असेल तर माल बाहेरही लवकर जातो.

आकड्यात सांगायचे तर, ताशी १०० वरून थांबताना ब्रेकच्या कामातला तीस टक्के वाटा मागच्या दोन चाकांनी उचलला असे धरा. पॅड ज्यावर घासतात त्या मागच्या भरीव कड्याचे वजन ३ किलो असेल, तर एका थांबण्यात ते सुमारे ६० अंशांनी तापेल. हवेशीर मोठ्या डिस्कचे कडे ५ किलोचे असेल, तर ४० अंशांच्या आतच. एकदा थांबायचे असेल तर दोन्हींत काही फरक कळणार नाही. घाटात किंवा रेसच्या ट्रॅकवर लागोपाठ दहा वेळा थांबायचे असेल, तर मात्र एकीचा दम संपतो आणि दुसरी टिकून राहते. रस्त्यावर वापरायच्या बहुतेक साध्या पॅडची पकड साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे ढिली पडू लागते. पेडल कितीही दाबा, गाडी पाहिजे तशी थांबत नाही.

ताकद वेगळी, दम वेगळा

म्हणून कारागीर बंधूंनी दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवाव्या. एक ताकद, एक दम.

ताकद वाढते ती पॅड चाकाच्या केंद्रापासून जास्त लांब गेल्याने. लांब दांड्याच्या पान्याने नट सहज सुटतो, तोच नियम. सुबारूच्या हौशी मंडळींमध्ये एक स्वस्त तोड लोकप्रिय आहे. सहा सिलिंडरच्या आउटबॅक गाडीची २९० मिलीमीटरची मागची डिस्क आणि तिची कॅलिपर धरणारी पट्टी घ्यायची, कॅलिपर मात्र आपलाच जुना ठेवायचा. पट्टी बदलल्याने कॅलिपर बाहेरच्या बाजूला साधारण १२ ते १४ मिलीमीटर सरकतो आणि तेवढ्यानेच मागच्या ब्रेकची ताकद दहा-बारा टक्क्यांनी वाढते.

दम वाढतो तो लोखंडाने आणि हवेने. डिस्कचा व्यास तेवढाच ठेवून ती जाड व हवेशीर केली, तर चाक अडवण्याची ताकद एक टक्काही वाढत नाही. फक्त ती लवकर तापत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाला आधी विचारावे, तुमचा ब्रेक कमी पडतो, की तापून सुटतो? दोन्ही आजारांची दवा वेगळी आहे.

आणि एक तिसरी गोष्ट, जी ऐकून गिऱ्हाईक नाराज होतो. सध्याच्या ब्रेकने जोरात पेडल दाबताच चाके जाम होऊ पाहत असतील आणि एबीएसची घरघर सुरू होत असेल, तर पहिल्या थांबण्यापुरती त्या ब्रेकमध्ये ताकद पुरेशी आहे. आता कमी पडतो तो टायर. रस्त्याला धरून ठेवण्याचे काम शेवटी टायरच करतो. अशा गाडीला ताटाएवढी डिस्क लावली तरी थांबण्याचे अंतर कमी होणार नाही. चांगल्या टायरने होईल.

मागच्या चाकाचा नाजूक हिशेब

आता मागच्याच डिस्कचा प्रश्न वेगळा का, ते पाहू.

गाडी जोरात थांबते तेव्हा तिचे वजन पुढे झुकते. रिक्षात उभे पोते कलंडते तसे. इम्प्रेझाचे इंजिन पुढच्या धुरीच्याही पुढे असते, त्यामुळे उभ्या गाडीतच वजनाची वाटणी पुढे साठ, मागे चाळीस अशी असते. सुक्या चांगल्या रस्त्यावर पूर्ण जोराने ब्रेक मारला की ती पुढे ऐंशी, मागे वीस होते. ओल्या रस्त्यावर तेवढ्या जोराने थांबताच येत नाही, म्हणून तिथे वाटणी पुढे सत्तर, मागे तीसच्या आसपास राहते.

म्हणजे नेमक्या जोराच्या क्षणी मागच्या चाकांवर भारच थोडा असतो. भार थोडा म्हणजे पकड थोडी. अशा वेळी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जोरदार असेल तर मागची चाके आधी जाम होतात. पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी सरळ घसरते, स्टिअरिंग ऐकत नाही. तेही वाईटच. पण मागची आधी जाम झाली तर गाडीची शेपटी पुढे यायला बघते आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. म्हणून कंपन्या मागच्या ब्रेकला मुद्दाम थोडे मागे ठेवतात. ठरावीक दाबानंतर मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेक ऑइल एका व्हॉल्व्हने आवरले जाते. नव्या गाड्यांत हेच काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. हा व्हॉल्व्ह कंपनीने मूळ डिस्कच्या मापाने ठरवलेला असतो. आपण डिस्क बदलली तरी व्हॉल्व्हला ते ठाऊक नसते.

मग मागची डिस्क मोठी करणे चूकच का? नाही. ज्याने पुढचे ब्रेक आधीच मोठे केले आहेत आणि मागचे मूळचेच ठेवले आहेत, त्याच्या गाडीत पुढची चाके सगळे काम ओढतात आणि मागची जवळपास फुकट फिरतात. मागच्या टायरमध्ये शिल्लक असलेली पकड वाया जाते. अशा गाडीला मागची मोठी डिस्क समतोल परत देते. एसटीआयमध्ये पुढची ३२६ आहे म्हणून मागची ३१६ आहे, हे विसरू नये. ती जोडी आहे. शेरवानी एका मापाची आणि पायजमा दुसऱ्याच मापाचा, असे चालत नाही.

म्हणून ज्याचे पुढचे ब्रेक मूळचे आहेत, त्याने आधी टायर, मग चांगले पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल, मग पुढची डिस्क आणि शेवटी मागची, हा क्रम धरावा. खर्चाच्या हिशेबानेही हाच क्रम फायद्याचा आहे.

चार चाके ओढतात, म्हणून लवकर थांबतात?

हा गैरसमज आम्ही शिकल्या-सवरल्या लोकांतही पाहिला. सगळ्याच मोटारींना ब्रेक चारही चाकांना असतात. चार चाकी ओढ गाडीला पळवायला मदत करते, थांबवायला नाही. उलट ओल्या रस्त्यावर अशी गाडी न घसरता वेग घेते आणि चालवणाऱ्याला रस्ता निसरडा असल्याची जाणीवच होत नाही. ब्रेकवर पाय ठेवताच कळते, तोवर उशीर झालेला असतो.

मिस्त्रींसाठी यातच आणखी एक मुद्दा आहे. या गाडीत पुढची आणि मागची चाके मधल्या शाफ्टने व डिफरन्शियलने एकमेकांशी बांधलेली असतात. मागची चाके जाम व्हायला लागली की त्याचा ओढा पुढच्यांनाही लागतो. एबीएसचा मेंदू चाकांचे वेग एकमेकांशी ताडून कोणते जाम होते ते ओळखतो. चारही चाके एकदम मंदावली तर तो फसू शकतो. म्हणून अशा गाड्यांत गाडीचा खरा मंदावण्याचा वेग मोजणारा वेगळा सेन्सरही दिलेला असतो. काम झाल्यावर एबीएसचा दिवा पेटला असेल तर तो दिवा विझवून गाडी देऊ नये, कारण शोधावे. आणि दोनच चाके फिरवणाऱ्या ब्रेक-तपासणी यंत्रावर ही गाडी विचार न करता चढवू नये. मधल्या डिफरन्शियलचे नुकसान होते.

डिस्कच्या पोटातला हँडब्रेक

आता आम्ही प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट.

भाच्याच्या गॅरेजवर एक तरुण डब्ल्यूआरएक्स घेऊन आला. मागे एसटीआयच्या मोठ्या डिस्क आणि सोनेरी कॅलिपर चमकत होते. काम दुसरीकडे झालेले. तक्रार एवढीच, की हँडब्रेक धरत नाही. आदल्या रात्री इमारतीच्या पार्किंगच्या उतारावर त्याने गाडी न्यूट्रलमध्ये हँडब्रेकवर उभी केली आणि आईला उतरवून घ्यायला तो दुसऱ्या बाजूला गेला. आई उतरली, दार लागले आणि गाडी निघाली. खांबावर जाऊन थांबली. मागचा बंपर गेला, बाकी खैर झाली. आई दोन पावले मागे उभी असती तर काय झाले असते, हे त्या मुलाच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

भाच्याने चाक काढले, डिस्क उतरवली आणि आम्हाला जवळ बोलावले. "मामू, हे बघा."

या गाडीत मागच्या डिस्कचा मधला उंचवटा, ज्याला टोपी म्हणतात, तो आतून पोकळ असतो. त्या पोकळीत हँडब्रेकचे दोन लहान शू बसतात आणि आतून बाहेर फाकून टोपीच्या भिंतीला घासतात. म्हणजे पेडलचा ब्रेक डिस्कचा, पण हँडब्रेक ड्रमचा, दोन्ही एकाच बिडात. २००७ पर्यंतच्या डब्ल्यूआरएक्समध्ये या ड्रमचा आतला व्यास १७० मिलीमीटर. ब्रेम्बोवाल्या एसटीआयमध्ये तो १९० मिलीमीटर. त्या गाडीत शू १७० चे तसेच ठेवून वर १९० ची डिस्क बसवली होती. दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलीमीटरची फट. शू कितीही फाकवा, भिंतीला नीट टेकणार कसे?

"बसवणाऱ्याने मोजलं नाही का?" आम्ही विचारले.

"मोजायची गरजच नाही वाटली, मामू. डिस्क बसली ना! लहान ड्रम असता तर चढलीच नसती, तेव्हा कळलं असतं. मोठा आहे म्हणून गुपचूप चढली."

कापडाच्या धंद्यात आम्ही हेच शिकलो आहोत. जो माल लगेच अडतो तो बरा, त्याचे नुकसान थोडे. जो गुपचूप बसतो तो घात करतो.

यावर दोन रस्ते आहेत. एसटीआयचे १९० चे शू, त्यांची मागची पाटी आणि सगळा जोड बसवणे, हा एक. किंवा बाजारात मुद्दाम अशा कामासाठीच बनवलेली, बाहेरून ३१६ पण आतून १७० मापाची डिस्क मिळते, ती घेणे, हा दुसरा. त्या तरुणाने दुसरा रस्ता घेतला. पैसे दोनदा गेले.

घेण्याआधी काय मोजावे?

मापपट्टी नव्हे, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हातात घ्यावे. पुढील सहा गोष्टी कागदावर लिहूनच ऑर्डर द्यावी.

पहिली, डिस्कचा बाहेरचा व्यास आणि त्याला जुळणारी कॅलिपरची पट्टी. पट्टीशिवाय मोठी डिस्क कॅलिपरच्या आतच जात नाही.

दुसरी, जाडी. भरीव डिस्कसाठी बनलेल्या कॅलिपरच्या तोंडात हवेशीर जाड डिस्क मावत नाही. तिथे कॅलिपरही बदलावा लागतो.

तिसरी, हँडब्रेकच्या ड्रमचा आतला व्यास. वरची हकीकत आठवावी.

चौथी, बोल्टांच्या भोकांचे वर्तुळ. डब्ल्यूआरएक्समध्ये पाच बोल्ट १०० मिलीमीटरच्या वर्तुळावर असत. एसटीआय २००५ च्या मॉडेलपासून ११४.३ मिलीमीटरवर गेली. भोके वेगळी असतील तर नव्याने पाडून जुगाड करू नये.

पाचवी, टोपीची उंची आणि मधल्या भोकाचा व्यास. उंची एक-दोन मिलीमीटर चुकली तरी डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येत नाही आणि एक पॅड दुसऱ्याच्या आधी झिजतो.

सहावी, चाकाची रिंग. एसटीआयच्या ब्रेम्बो ब्रेकना १७ इंची रिंग लागते. डब्ल्यूआरएक्सच्या मूळच्या १६ इंची रिंगमध्ये कॅलिपर अडतो.

शारजाच्या जुन्या मालाच्या बाजारात उतरवलेल्या डिस्क स्वस्त मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक डिस्कवर कंपनीने किमान जाडी कोरलेली असते. तिच्या जवळ आलेली डिस्क म्हणजे विरलेले कापड. धुऊन इस्त्री केल्याने ते नवे होत नाही. बारीक तडे, कडेला उठलेली धार आणि हँडब्रेकच्या ड्रममधली खाच, हे तिन्ही उजेडात धरून पाहावे. डिस्क नेहमी जोडीने बदलावी, डावी एक आणि उजवी दुसरी असे करू नये.

भोके, खाचा आणि दोन तुकड्यांची डिस्क

गिऱ्हाइकाला भोकाभोकाची डिस्क दिसायला आवडते. पण प्रत्येक भोक म्हणजे तेवढे लोखंड कमी, आणि सततच्या तापण्या-निवण्यात तडा जायला भोकापासूनच सुरुवात होते. तिरप्या खाचांची डिस्क पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवते, मात्र पॅड थोडे लवकर खाते आणि आवाजही करते. रोजच्या वापराला चांगल्या बिडाची साधी, गुळगुळीत, हवेशीर डिस्क सर्वांत भरवशाची.

दोन तुकड्यांची डिस्कही मिळते. कडे बिडाचे, टोपी अ‍ॅल्युमिनियमची. वजन कमी होते, किंमत बरीच वाढते. पण मागच्या चाकाला ती घेताना पाहावे, की टोपीच्या आत हँडब्रेकच्या शूंना घासायला लोखंडी अस्तर आहे की नाही. अ‍ॅल्युमिनियमवर हँडब्रेक टिकत नाही.

बसवताना

निम्म्या तक्रारी डिस्कच्या नसतात, बसवण्याच्या असतात. हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा राहिला तर नवी डिस्कही लंगडत फिरते. हब तारेच्या ब्रशने लख्ख करावा. डिस्क बसवून डायल गेज लावावे आणि फिरवून पाहावे. डोलणे ०.१ मिलीमीटरच्या आत हवे, आणि बऱ्याच कंपन्या याहूनही कमी मागतात. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच आवळावेत. हवेच्या गनने एकीकडून आवळत गेले की काही दिवसांत पेडल थरथरू लागते आणि दोष डिस्कवर येतो. "डिस्क वाकली" असे आपण म्हणतो, पण बऱ्याच वेळा ती वाकलेली नसते. पॅडचा थर तिच्यावर कुठे जाड, कुठे पातळ बसलेला असतो.

नव्या डिस्कला नवे पॅडच द्यावेत. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेल लावलेले असते, ते पूर्ण पुसावे. कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावावे. हँडब्रेकचे शू आधी मोकळे करावे, डिस्क बसल्यावर पुन्हा आवळून आणावे आणि चढावर उभी करून तपासावे. कॅलिपर बदलला असेल तर ब्रेक लाइनमधली एअर चारही चाकांची काढावी.

ब्रेक ऑइलचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. डॉट ४ प्रकारचे ऑइल ताजे असताना किमान २३० अंशांना उकळते. हवेतला ओलावा पिऊन जुने झाले की हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की त्यात वाफ होते आणि पेडल फरशीला टेकते. हजारोंच्या डिस्क टाकून ऑइल जुनेच ठेवणे म्हणजे दुकानाला नवे शटर आणि कुलूप मोडके.

शेवटी पॅड आणि डिस्कची ओळख करून द्यावी लागते. रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा हळूहळू जोर वाढवत वेग कमी करावा. मग ब्रेक न वापरता थोडा वेळ गाडी चालवून डिस्क निववावी. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवू नये, तिथे पॅडचा छाप उमटतो. हे काम गॅरेजने स्वतः करावे, गिऱ्हाइकावर सोडू नये.

कायदा आणि आपला धंदा

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधने आहेत. आखातातही नोंदणीच्या नूतनीकरणाआधी गाडीची तपासणी होते. म्हणून बदल करण्याआधी तिथला नियम विचारावा आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर सांगितलेली गोष्ट कोणी ऐकत नाही.

बिडाचे ओतकाम ही आपल्या कोल्हापूरची जुनी विद्या. ब्रेम्बोचा कारखाना पुण्याजवळ आहे. तेव्हा डिस्क ही परदेशी गूढ वस्तू नाही. ती नीट समजून घेतली, मोजून बसवली, तर आपल्या मुलांसाठी यात चांगली रोजी आहे.

आमचा भाचा आता अशा प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारतो. पुढचे ब्रेक कोणते? टायर कोणते? तक्रार काय, कमी पडतो की तापून सुटतो? उत्तरावरून पाचातल्या दोघांना तो मागची डिस्क न बदलता परत पाठवतो आणि फक्त पॅड-ऑइल करून देतो. "धंदा जातो ना रे," असे आम्ही एकदा म्हणालो. तो हसला. "जातो मामू, पण तोच माणूस पुढच्या महिन्यात दोस्ताची गाडी घेऊन येतो."

त्या दोघांकडून त्या दिवशी मिळकत थोडीच झाली. पण गल्ल्याचा हिशेब एका दिवसाचा नसतो, हे कापडवाल्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.